वाचनमात्र

मतदान दुपारी तीनला बंद होणार होतं आणि तीनला दहा मिनिटं असताना रिसबूडांचा फोन आला. मी नाशकातल्या वाचनालयाच्या काउंटरवर होते. समोर एक आजोबा दिवाळी अंक परत करायला आले होते आणि त्यातलं सुटलेलं पान आपण सोडवलेलं नाही, ते आधीपासूनच सुटलेलं होतं, हे मला तिसऱ्यांदा पटवून देत होते.

"वैजू, तुझं एकटीचं मत राहिलंय," रिसबूड म्हणाले.

"दहा पडलीत की. माझ्या एका मताने काय फरक पडणार आहे?"

"फरक पडत नाही म्हणूनच दे. एकमत दिसलं पाहिजे."

आजोबांना मी थांबायची खूण केली, संगणकावर 'डोंगरओटा' उघडला आणि 'सोमनाथ भांगरे यांना तीन महिने वाचनमात्र करावे काय?' या प्रश्नाखाली 'होय'वर टिचकी मारली. अकरापैकी अकरा. मग आजोबांचा अंक जमा करून घेतला. खरं सांगते, त्या दोन कामांत मला आजोबांचंच जास्त जड गेलं.

ही डिसेंबर २००९ची गोष्ट. डोंगरओटा म्हणजे डोंगर भटकणाऱ्या मराठी माणसांची इंटरनेटवरची गप्पांची जागा. भालचंद्र रिसबूडांनी ती सात-आठ वर्षांपूर्वी सुरू केली होती आणि तेव्हा तिथे दीड-दोन हजार माणसं नांदत होती. नांदत होती म्हणजे भांडत होती. आल्या आल्या माणूस 'पाहुणा' असायचा. पाहुण्याने फक्त प्रश्न विचारायचे. तीन महिने आणि पन्नास प्रश्न झाले की तो 'सदस्य' व्हायचा. सदस्याला गप्पा मारता यायच्या, फोटो टाकता यायचे. पण 'वाटा' नावाचा जो मुख्य विभाग होता, जिथे कुठल्या डोंगरावर कसं चढावं हे लिहिलं जायचं, तिथे लेख लिहिण्याचा हक्क फक्त 'ज्येष्ठां'चा; सदस्यांनी खाली प्रतिसाद तेवढे द्यायचे. ज्येष्ठ व्हायला आधीच्या ज्येष्ठांची मतं मिळावी लागत. त्याच्यावर दोन नियंत्रक, रिसबूड आणि मी. लग्नातल्या मानपानाला नाकं मुरडणारी आम्ही शिकलेली माणसं. पण नावापुढच्या त्या एका शब्दासाठी आम्ही जे रुसवेफुगवे केले ते कुठल्या वरमाईने केले नसतील.

आणखी एक मान होता. दर सव्वीस जानेवारीला घोडेधार नावाच्या डोंगरावर वर्धापनदिनाची चढाई असायची. वरच्या गुहेत पोचलं की तीन दगड मांडायचे, काटक्या गोळा करायच्या आणि चहा करायचा. ती चूल पेटवायचा मान त्या वर्षी नव्याने ज्येष्ठ झालेल्याचा. पेटवताना फोटो निघायचा आणि तो वर्षभर साइटच्या पहिल्या पानावर राहायचा.

त्या वर्षी तो मान पद्माकर शेजवळांचा होता. शेजवळ नाशकात एका शाळेच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होते. वय चोपन्न. आठ वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं: नव्या पाहुण्यांच्या बाळबोध प्रश्नांना न कंटाळता उत्तरं द्यायची. बूट कुठले घ्यावेत, पाणी किती न्यावं, गुडघे दुखले तर काय करावं. कुणाशी वाद नाही, कुणाची खोडी काढणं नाही, म्हणून ते दोनदा मतदानात पडले. त्यांचा 'ठसा' नाही असं कुणीतरी लिहिलं होतं. तिसऱ्यांदा निवडून आले तेव्हा त्यांनी मला वाचनालयात फोन केला होता.

"ताई, एक विचारायचं होतं. काडेपेटी मीच आणायची, की तिथे असते?"

मी हसले. तुम्हीच आणा म्हटलं. त्यांनी मग दोन आणायचं ठरवलं, एक ओली झाली तर दुसरी असावी म्हणून.

आता भांगरेचं सांगते. सोमनाथ भांगरे घोडेधारेच्या पायथ्याशी वांजुळवाडीत राहायचा, आश्रमशाळेत शिपाई होता. बारावी झालेला, सत्तावीस-अठ्ठावीसचा. गावात मोबाइलला रेंज नव्हती. शाळेमागच्या टेकाडावर चढलं की यायची. तिथे उभा राहून तो बटणांच्या फोनवरून डोंगरओट्यावर लिहायचा. कुठल्या ओढ्याला अजून पाणी आहे, कुठे दरड आलीय, असं काहीबाही. पाहुण्याला माहिती देण्याचा हक्क नव्हता म्हणून तो ती प्रश्नाच्या रूपात द्यायचा. 'धारेवरच्या टाक्यात मेलेलं माकड आहे, ते पाणी लोक पितात का?' असं. मला ती युक्ती आवडायची. मी कधी तसं लिहिलं मात्र नाही.

भांडण झालं ते नळीच्या वाटेवरून. घोडेधारेला दक्षिणेकडून एक अरुंद घळ आहे, तिला आम्ही नळी म्हणायचो; सोपी वाट दुसरीकडून, सोंडेवरून, म्हणजे डोंगराच्या उतरत्या दांड्यावरून. रिसबूडांनी 'वाटा'मध्ये मोठा लेख लिहिला: आम्ही शोधलेली नळीची वाट. फोटो, नकाशे, कुठे दोर लावला, कुणाचा पाय कसा थरथरला. खाली वाहवा सुरू झाली. आणि चौथ्या दिवशी भांगरेने प्रश्न विभागात विचारलं: 'या वाटेने आमच्या बायका डोक्यावर गवताचे भारे घेऊन उतरतात. ती तुम्ही शोधली म्हणजे काय केलं?'

ज्याच्या हाती ससा तो पारधी, हे आमचं चालत आलेलं होतं. कुणी असं तोंडावर विचारलं नव्हतं. ज्येष्ठांनी भांगरेवर तुटून पडायला वेळ लावला नाही. त्यानेही ऐकून घेतलं नाही. 'उंटावरून शेळ्या हाकणारे' असं तो आम्हाला म्हणाला, आणि झोंबलं ते खरं होतं म्हणून. शेवटी मतदान. एकट्या शेजवळांनी मला विचारलं होतं, या पोराचं नेमकं चुकलं काय? पण ते ज्येष्ठ झाले मतदानानंतरच्या आठवड्यात, त्यामुळे त्यांचं मत धरायचा प्रश्न आला नाही.

वाचनमात्र केलेला माणूस सगळं वाचू शकायचा. त्याने लिहिलं तर ते कुणाला दिसायचं नाही; एका रांगेत जाऊन पडायचं आणि ती रांग फक्त नियंत्रकांना दिसायची. त्याला त्याचं उत्तरही जायचं नाही. आपलं लिहिणं पोचलं, फेकलं गेलं, की कुणी पाहिलंच नाही, हे त्याला कळायची सोय रिसबूडांनी मुद्दाम ठेवली नव्हती. शिक्षा म्हणजे शिक्षा, ते म्हणायचे.

बावीस जानेवारीला, शुक्रवारी सकाळी, रांगेत भांगरेचा निरोप दिसला. मी उघडून वाचला.

'वैजूताई, मला बंदी आहे हे माहीत आहे. हे भांडणाचं नाही. तुम्ही सगळे सव्वीसला नळीने येणार असं वाचलं. तुम्ही जिथे चहा करता त्या गुहेच्या कपाळावर यंदा आग्या बसलंय. सात पोळी आहेत. आतून दिसत नाहीत. तिथे धूर करू नका, ओरडू नका. त्यापेक्षा सोंडेच्या वाटेने या, ती सोपी आहे. माझं नाव टाकू नका, तुमच्या नावाने टाका.'

आग्या म्हणजे काय हे मला ठाऊक होतं. मोठ्या मधमाश्या, कड्याला लोंबणारी परातीएवढी पोळी, डिवचल्या तर मैलभर पाठलाग करणाऱ्या. दिवाळीनंतर त्या कड्यांवर उतरतात हेही ठाऊक होतं. वाचनालयात बसणाऱ्या बाईला पुष्कळ काही ठाऊक असतं.

मी रिसबूडांना फोन लावला आणि निरोप वाचून दाखवला. 

"डाव कळला का तुला?" ते म्हणाले. "नळीने येऊ नका, सोंडेने या. वर्धापनदिनाला आम्हीच आमची वाट सोडून त्याच्या वाटेने गेलो की झालं त्याचं काम."

"पण खरं असलं तर?"

"मी दिवाळीत गेलो होतो. एक माशी नव्हती. आणि वैजू, वाचनमात्र माणसाचं तू तुझ्या नावाने टाकलंस तर त्या अकरा मतांना काय अर्थ राहिला? उद्या प्रत्येक जण मागच्या दाराने लिहील."

मग त्यांचा आवाज मऊ झाला. ते मार्चमध्ये मुलाकडे कॅनडाला जाणार होते, कायमचे. सव्वीसला सगळ्यांसमोर डोंगरओट्याच्या किल्ल्या माझ्या हाती देणार होते. मुख्य नियंत्रक. त्या दिवशी काही घोळ नको, असं त्यांचं म्हणणं होतं.

मी बत्तीस वर्षांची होते. वाचनालयात मला वर सरकायला जागा नव्हती आणि घरी माझं कुणी ऐकत नव्हतं. दीड हजार माणसांत कुणी बोलायचं आणि कुणी नाही हे ठरवणारी बाई मी होणार होते. हसू नका. तेव्हा ते मला हवं होतं, फार हवं होतं.

रांगेतल्या निरोपाखाली तीन बटणं असत: प्रसिद्ध करा, राखून ठेवा, नाकारा. नाकारलेलं लिखाण कायमचं पुसलं जायचं. मी नाकारा दाबलं. रिसबूडांनी सांगितलं होतं हे खरं, पण बोट माझं होतं.

नंतरचे तीन दिवस मी स्वतःची समजूत घालत राहिले. तिथे गेल्यावर बघू, दिसलंच काही तर सांगू. भांगरेला एक ओळ लिहून खात्री करून घेणं मला अशक्य नव्हतं. पण तसं केलं असतं तर निरोप वाचल्याचं कबूल झालं असतं.

सव्वीसला आम्ही सतरा जण होतो. वांजुळवाडीतून निघालो तेव्हा आश्रमशाळेत ध्वजवंदनाची तयारी चालली होती, मुलांच्या रांगा लागत होत्या. भांगरे त्या गर्दीत कुठेतरी असणार. मी मान वर करून पाहिलं नाही. साडेआठच्या सुमाराला आम्ही नळी चढून गुहेत पोचलो. रिसबूडांनी छोटं भाषण केलं, माझ्याबद्दल चार शब्द बोलले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजत असताना माझं लक्ष गुहेच्या तोंडाशी गेलं. तिथल्या खडकावर पाच-सहा मेलेल्या माश्या पडल्या होत्या. लांबट, सोनेरी पोटाच्या. मी त्या बुटाने बाजूला सारल्या.

शेजवळांनी तीन दगड नीट जुळवून ठेवले होते. काटक्या लांबीप्रमाणे लावल्या होत्या, प्रयोगशाळेत नळ्या लावतात तशा. त्यांनी नवा शर्ट घातला होता. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"शेजवळ, आज चूल राहू दे का? थर्मासमध्ये चहा आहे."

"का हो ताई? काही चुकलं का माझं?"

"नाही. वारा आहे म्हणून म्हटलं."

"वारा कुठाय?" ते म्हणाले, आणि खरंच पान हलत नव्हतं. "आठ वर्षं वाट पाहिलीय ताई. घरी सांगून आलोय, फोटो येणार म्हणून."

मागे रिसबूड उभे होते. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. त्या वेळी मला चार शब्द बोलायचे होते. वरती आग्या आहे, बस्स, एवढेच. सोळा माणसांनी विचारलं असतं, तुला कसं कळलं? तेवढ्या एका प्रश्नाला मी भ्यायले. कॅमेरे निघाले. शेजवळांनी काडी ओढली, ती विझली, दुसरी ओढली. काटक्यांखाली घातलेलं गवत ओलसर होतं, त्यामुळे आधी धूरच झाला, दाट, पांढरा. तो गुहेच्या छताला लागून बाहेर वळला आणि कपाळावर चढला.

मग वरून आवाज आला. तो आवाज मी कुणाला सांगू शकलेले नाही आणि आताही सांगत नाही.

माणसं पळाली. सॅक टाकून, एकमेकांना ढकलून, जमेल तशी नळीत उतरली. मी ओढणी डोक्याला गुंडाळून पळाले. मला बावीस डंख होते, ते पुढे महिनाभर ठणकले. एका वळणावर मागे पाहिलं तर शेजवळ अजून चुलीपाशी होते. ते पायाने, मग हातांनी ती विझवत होते. चूल त्यांची होती ना. धूर होतोय म्हणून माश्या उठल्यात हे त्यांना सगळ्यांत आधी कळलं असणार, आणि आपण पेटवलंय ते आपणच विझवायचं असा त्यांचा स्वभाव. त्यांच्या अंगावर शर्टाचा रंग दिसत नव्हता.

नळीच्या अर्ध्यात मला भांगरे भेटला. शाळेच्या मैदानातून त्याला धूर दिसला होता. ध्वजवंदन टाकून तो पळत सुटला होता. पांढरा सदरा, छातीला कागदी झेंडा टाचलेला, खांद्यावर दोन घोंगड्या. "वर कोण ऱ्हायलंय?" एवढंच त्याने विचारलं. मी नाव सांगितलं. एक घोंगडी डोक्यावरून घेऊन तो वर गेला आणि दुसरीत गुंडाळून शेजवळांना पाठीवर घेऊन उतरला. कुणाची मदत न घेता, दोर न लावता, गवताचा भारा उतरवावा तसा.

तालुक्याच्या दवाखान्यात शेजवळ दुपारी दीड वाजता वारले. डॉक्टर म्हणाले, तीनशेच्या वर डंख आहेत.

दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर मी बसले होते. भांगरे समोर भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. त्याचा एक डोळा सुजून बंद झाला होता. त्याला कुणी मलम लावलं नव्हतं आणि त्याने मागितलंही नव्हतं. बऱ्याच वेळाने तो उठून माझ्याजवळ आला.

"वैजूताई तुम्हीच ना?"

मी मान हलवली.

"ताई, माझा निरोप मिळाला व्हता का? शुक्रवारी पाठवलेला."

त्याच्या सुरात आरोप नव्हता, हे मला आजही छळतं. आरोप असता तर मी कदाचित खरं बोलले असते, निदान भांडले तरी असते. तो फक्त विचारत होता. चिठ्ठी पोचली का म्हणून पोस्टमनला विचारतात, तेवढंच.

"नाही," मी म्हटलं. "काहीच आलं नाही."

 तो खाली बसला.

"म्हंजे माझ्याकडनंच ऱ्हायलं," तो म्हणाला. "टेकाडावर जाऊन दाबलं व्हतं. चाक फिरत ऱ्हायलं, फिरत ऱ्हायलं, आन् शाळेची घंटा झाली. मला वाटलं गेला आसंल. परत चढून बघाया पायजे व्हतं मी." आणि थोड्या वेळाने, स्वतःशीच, "निरोप गेलाय म्हणून मी निवांत व्हतो. तुमी सोंडेनं गेला आसाल म्हणून सकाळी नळीकडं बघितलंच न्हाई."

रिसबूड बाहेर आले तेव्हा मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की तो विचारत होता आणि मी नाही म्हटलं. त्यांनी डोळे मिटून मान हलवली. "बरं केलंस," म्हणाले. आम्ही पुन्हा त्या विषयावर कधी बोललो नाही. ते मार्चमध्ये ठरल्याप्रमाणे गेले. किल्ल्या मला मिळाल्या.

फेब्रुवारीत ज्येष्ठांनी भांगरेची शिक्षा उठवली. एवढंच नाही, त्याला थेट ज्येष्ठ केलं. पुन्हा एकमत. जीव धोक्यात घालून शेजवळांना खाली आणलं म्हणून त्याचा सत्कारच तो. लोकांना कुठेतरी हलकं व्हायचं होतं. आता त्याला 'वाटा'मध्ये लिहायचा हक्क आला. त्या हक्काने त्याने एकदाच लिहिलं. मथळा होता 'माझी चूक'. बावीस तारखेला आपल्याला आग्याचं माहीत होतं, निरोप लिहिला होता, तो असा होता म्हणून सगळा निरोप शब्दन् शब्द दिला होता. खाली लिहिलं होतं की तो गेला की नाही हे मी पाहिलं नाही, चार दिवस हातात होते, पण नाशकाला कुणाला फोन केला नाही, सव्वीसला नळीच्या तोंडाशी उभा राहिलो नाही. शेजवळ सरांच्या घरच्यांची माफी मागतो.

खाली त्रेचाळीस प्रतिसाद आले. बहुतेकांनी तुझी चूक नाही म्हणून समजूत घातली. काहींनी मात्र लिहिलं की इतकं महत्त्वाचं होतं तर नुसतं बटण दाबून कसं बसवलं? आणि चव्वेचाळिसावा प्रतिसाद एका पाहुण्याचा होता. त्या खात्यावर तो पहिलाच. 'मी सौ. शेजवळ. तुम्हाला माहीत होतं, तुम्ही पायथ्याशीच राहता. एवढी माणसं तुमच्या दारावरून गेली, तुम्ही एकदा बाहेर का नाही आलात?'

पाहुण्याला 'वाटा'मध्ये प्रतिसाद द्यायचाही हक्क नव्हता. तिचा प्रतिसाद रांगेत आला होता, आणि तो तिथून बाहेर सोडायचा की नाही हे आता माझ्या एकटीच्या हाती होतं. मला वाटलं, विधवेचा शब्द अडवायचा नाही. एवढा तरी न्याय करावा. मी प्रसिद्ध करा दाबलं.

म्हणजे पाहा. ज्याचा निरोप मी अडवला, त्याच्यावर सुटलेला बाण मी मोकळा केला, आणि वर मला चांगलं वाटलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे चोराच्याच हाताने ती दिली गेली होती. भांगरेने त्याला उत्तर दिलं नाही. तो पुन्हा कधी डोंगरओट्यावर आलाच नाही.

पुढे फोनवर गप्पांचे गट आले आणि डोंगरओटा ओस पडला. चार वर्षांनी मी तो बंद केला. मुख्य नियंत्रकाचं माझं शेवटचं काम तेवढंच.

दोन वर्षांपूर्वी, जानेवारीतच, मी वांजुळवाडीला गेले. बारा वर्षं लागली मला सत्तर किलोमीटर जायला. नळीच्या तोंडाशी पत्र्याची एक टपरी उभी होती आणि बाहेर दगडावर भांगरे बसला होता. केस पांढरे झालेले. वय चाळीस, दिसायला पंचावन्नचा. गावात विचारलं तेव्हा कळलं होतं की दिवाळीपासून शिमग्यापर्यंत सुट्टीच्या प्रत्येक दिवशी तो इथे बसतो, येणाऱ्याला अडवतो, वर चढून पोळी बघून येतो आणि मगच सोडतो. कुणी सांगितलेलं नाही, कुणी देत काही नाही. बायको भांडून माहेरी गेली होती. या माणसाला घर नाही, डोंगर आहे, असं म्हणून.

त्याने मला ओळखलं. पाणी दिलं. मुलंबाळं विचारली. मग मी सांगितलं. वाटेत शंभरदा घोकलं होतं, तरी तुटक तुटकच आलं.

"सोमनाथ, तुमचा निरोप आला होता. मी वाचला होता. मीच पुसून टाकला. दवाखान्यात तुम्हाला खोटं सांगितलं."

तो ऐकत होता.  मग तो हसला, अगदी मायेने, आणि मला कळेना की हा का हसतोय.

"ताई, लई लांबून आलात," तो म्हणाला.

"मी खरं सांगतेय."

"बारा वर्सांत पुष्कळांनी समजूत घातली. आईनं घातली, गुरुजींनी घातली. पण सोताच्या डोस्क्यावर घेऊन कुणी घातली न्हवती. तुमचे उपकार हायेत."

"अहो, समजूत नाही ही. मला निरोप पाठ आहे. गुहेच्या कपाळावर आग्या, सात पोळी, सोंडेच्या वाटेने या. शेवटी तुम्ही लिहिलं होतं, माझं नाव टाकू नका."

"ते तर मीच नंतर लिवलं व्हतं की, समद्यांना वाचाया," तो म्हणाला. "तुमी ध्यानात ठिवलंत."

माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. पुसलेलं पुसलं गेलं होतं. रांग नव्हती, साइट नव्हती. रिसबूड कॅनडात वारले होते. मी पुन्हा सांगितलं, मग पुन्हा. मी रडले. मी जितकी रडत होते तितकी त्याची खात्री होत होती की ही बाई आपल्यासाठी रडतेय. शेवटी त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला, बहिणीच्या ठेवावा तसा.

"ऱ्हाऊ द्या ताई. मी बटण दाबून निघून आलो, हे माझं मला म्हाईत हाय. तुमी कशाला घेता?"

खालून चार-पाच पोरं-पोरी पाठपिशव्या घेऊन येताना दिसली. तो उठला, त्यांना हात करून थांबवलं, टपरीतून घोंगडी घेतली. यंदा कपाळावर तीन पोळी आहेत, वर बघून येतो, तोवर इथून हलू नका, असं त्यांना बजावलं. मलाही बस म्हणाला. मग तो नळी चढायला लागला आणि मी खाली त्या पोरांबरोबर थांबून राहिले.